खगोलशास्त्राचं कॉलेज शोधू नकोस

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी ऐरोलीला राहते. बारावी सायन्सला आहे, पीसीएम. सातवीत वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते. तिथे शनीची कडी बघितली आणि तेव्हापासून मला खगोलशास्त्रज्ञच व्हायचंय. बाबा रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर आणि तारे रविवारी बघ. आई म्हणते, लांब कुठे जाऊ नकोस, ठाण्यात बीएस्सी कर. क्लासचे सर म्हणतात, जेईईच्या टेस्टला फिजिक्समध्ये निम्मे मार्कसुद्धा पडत नाहीत तर फिजिक्सचं नाव काढू नकोस. ठाणे-नवी मुंबईत मला खगोलशास्त्राचं एकही कॉलेज सापडलं नाही. मी कुठे जाऊ? साधं बीएस्सी केलं तर मागे पडेन का? आणि पुढे नोकरी खरंच मिळत नाही का? कृपया नाव छापू नका."

प्रिय ऐरोलीकर,

तुला कॉलेज सापडलं नाही, कारण बारावीनंतर थेट खगोलशास्त्राची पदवी देणारी ठिकाणं आपल्या देशात नसल्यातच जमा आहेत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत किंवा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर आज जे काम करतात, त्यांच्यातले बहुतेक जण आधी भौतिकशास्त्र शिकले. काही गणिताकडून आले, काही इलेक्ट्रॉनिक्सकडून. ज्यांनी १९८८ मध्ये आयुका उभी केली ते जयंत नारळीकर बनारसला बीएस्सी करून केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. खगोलशास्त्र खऱ्या अर्थाने सुरू होतं एमएस्सीच्या शेवटी किंवा पीएचडीत. म्हणून आज तू स्वतःला विचारायचं ते एवढंच, की पुढची पाच वर्षं भौतिकशास्त्र आणि गणित करायला मला आवडेल का? उत्तर हो असेल तर कॉलेजचा गुंता सुटण्यासारखा आहे. नाही असेल तर कितीही मोठ्या नावाच्या संस्थेत गेलीस तरी दुसऱ्या वर्षापासून तुला त्रास होईल.

हे उत्तर घरबसल्या विचार करून मिळत नाही, करून बघावं लागतं. शनीची कडी बघताना जे वाटतं ते खरंच असतं, पण त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते वाटलेलं असतं. म्हणून तुला दोन गोष्टी सुचवते.

पहिली आत्ता वाचतानाच करता येईल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधोमध जवळजवळ आहेत आणि १६ तीन फाट्यांवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. अँटेनाजवळ गेलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की त्या प्रचंड बशीला पत्राच नाही. पोलादी तारांची जाळी आहे आणि तिच्यातून आकाश दिसतं. वारा आरपार जातो, पाऊस खाली पडतो. मग आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरीच तेवढ्या कशा अडतात? या दुर्बिणीने टिपायच्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून पुढे काही मीटरपर्यंत असते आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका करता येतो, आणि हलका म्हणून स्वस्त. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही कल्पना लढवली नसती तर आपल्याला एवढी मोठी दुर्बीण परवडली नसती. हे वाचताना तुझ्या मनात आपोआप आलं का, की मग दिसणाऱ्या प्रकाशाच्या दुर्बिणीला जाळी का चालत नाही? आलं असेल तर मला फार बरं वाटेल. (२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला सगळ्यांसाठी प्रदर्शन असतं. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जाता येतं. यंदा तुझी बोर्डाची परीक्षा आहे, पुढच्या वर्षी नक्की जा.)

दुसरी गोष्ट गच्चीवर करायची. ऐरोलीत रात्री उजेड खूप असतो, धूसर तारे दिसत नाहीत, पण गुरूला त्याचं काही नाही. गुरू आकाशात असेल त्या दिवसांत साधे बायनॉक्युलर्स कठड्यावर टेकवून धरले तरी त्याचे चार चंद्र दिसतात. एखादी छोटी दुर्बीण मिळाली तर आणखी चांगलं. रोज ठरलेल्या वेळी वहीत चित्र काढ. बिंबापासून कुठला ठिपका किती लांब, हे बिंबाच्या व्यासाच्या पटीत लिही. तीनेक आठवडे हे केलंस की सगळ्यांत लांब जाणारा कॅलिस्टो ओळखता येईल. तो जवळजवळ १७ दिवसांनी एक फेरी पूर्ण करतो आणि गुरूच्या त्रिज्येच्या साधारण २७ पट (म्हणजे व्यासाच्या साडेतेरा पट) अंतरावरून फिरतो. आता अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलं उपग्रहाच्या फेरीच्या काळाचं सूत्र घे आणि वस्तुमानाऐवजी घनता काढ. गंमत अशी की त्यासाठी गुरू आपल्यापासून किती लांब आहे हे माहीत असावंच लागत नाही. फेरीचा काळ आणि त्रिज्येची पट, एवढ्यावर भागतं. उत्तर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. पृथ्वीची घनता ५.५ आहे. म्हणजे गुरू आपल्यासारखा दगड-लोखंडाचा गोळा असूच शकत नाही, आणि हे तू ऐरोलीच्या गच्चीवरून सिद्ध केलेलं असेल.

हे करताना कंटाळा येईल. ढग येतील, एखाद्या दिवशी आकडा चुकीचा येईल. तरीही उत्तर आल्यावर शनीच्या कड्यांपेक्षा जास्त आनंद झाला, तर तू ज्या विषयाबद्दल लिहिलं आहेस तो तुझा आहे. फोटो आणि गोष्टीच जास्त आवडतात असं लक्षात आलं तर तेही चांगलंच आहे. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षात हे ओळखून बाजूला झाला. आज तो शाळाशाळांतून मुलांना आकाश दाखवतो आणि ते काम मनापासून करतो.

आता क्लासच्या सरांचं म्हणणं. जेईईची परीक्षा भौतिकशास्त्र तपासते, पण त्याबरोबर वेगही तपासते. तुझं नक्की काय अडतंय हे कळायला शेवटच्या तीन टेस्ट काढ आणि चुकलेले प्रश्न घरी घड्याळ न लावता पुन्हा सोडव. बहुतेक सुटले तर तुझा वेग कमी आहे. तो सरावाने वाढतो, आणि संशोधनात तर कुणी तीन मिनिटांत उत्तर मागत नाही. वेळ देऊनही सुटले नाहीत, पण डोकं लावत बसावंसं वाटलं, तर पाया कच्चा आहे. तोही भरून काढता येतो. ते प्रश्न पुन्हा उघडावेसेच वाटले नाहीत, तर मात्र मार्कांपेक्षा त्याचा जास्त विचार कर. गणिताच्या बाबतीत तर स्वतःशी अगदी प्रामाणिक राहा. खगोलशास्त्रज्ञाचा बहुतेक दिवस दुर्बिणीपाशी जात नाही, संगणकापुढे जातो. आकड्यांमधला गोंगाट काढणं, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, आपल्याला दिसलेली गोष्ट खरी आहे की योगायोग हे संख्याशास्त्राने ठरवणं, असं ते काम आहे. ते रुक्ष नाही, पण वेगळं आहे.

कॉलेजांबद्दल माझं मत सरळ सांगते. संशोधनाकडे जायचं असेल आणि जागा मिळत असेल, तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम पहिला निवड. त्यासाठी दोन परीक्षा आहेत. आयआयएसईआर म्हणजे आयसर, या विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालणाऱ्या संस्था देशात सात आहेत, तुला सगळ्यांत जवळची पुण्याची, पाषाणला. त्यांची प्रवेश परीक्षा आयएटी. तिच्यात जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, आणि पीसीएमची मुलं नेमकी इथे बेसावध राहतात. म्हणून अकरावी-बारावीच्या पातळीचं जीवशास्त्र रोज थोडं वाचत जा. दुसरी परीक्षा नेस्ट. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातलं अणुऊर्जा विभागाचं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र, ही दोन्ही तिच्यातून मिळतात. या सीईबीएसचं नाव आपल्या भागातल्या फार थोड्या घरांत माहीत असतं याची मला खंत वाटते. २००७ पासून ते सुरू आहे, पाच वर्षांची एमएस्सी आहे, शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) इथले शास्त्रज्ञही येतात, आणि तू ऐरोलीहून ठाण्याला गाडी बदलून कुर्ल्याला उतरलीस की जवळच आहेस. आईची लांब जाण्याची काळजी असेल तर तिला हे आधी सांग. आणि पुणेही परदेश नव्हे, शनिवार-रविवार घरी येता येतं.

जेईई ॲडव्हान्स्डपर्यंत पोहोचलीस तर पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्स आहे, तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची आयआयएसटी आहे. ते जमलं तर छानच, पण त्यावर सगळी मदार ठेवू नकोस.

आणि हे काहीच जमलं नाही तर? तुझ्या पत्रात ही भीती सगळ्यांत जास्त जाणवली, म्हणून इथे थोडी थांबते. ठाण्यात-नवी मुंबईत बीएस्सीची चांगली कॉलेजं आहेत: ठाण्याचं बांदोडकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, आणि गाडीत तासभर बसायची तयारी असेल तर माटुंग्याचं रुईया. मी आयुष्यभर अशाच कॉलेजात शिकवलं. तिथून जाम ही परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला आणि तिथून पीएचडीला गेलेल्या मुली मी बघितल्या आहेत. त्यातली एक कळव्याच्या चाळीत राहायची आणि घरात जागा नसल्यामुळे लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच अभ्यास करायची. मागे पडतात ती मुलं कॉलेजच्या नावामुळे पडत नाहीत. विद्यापीठाच्या पेपरपुरता अभ्यास केला की काम झालं, अशी सवय पहिल्याच वर्षी लागते आणि तिथे घोडं अडतं.

बीएस्सीला जायची वेळ आली तर कॉलेज निवडताना ऑफिसच्या खिडकीत चौकशी करू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या फिजिक्सच्या मुलांना गाठ. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला उपकरण हाताळायला मिळतं की चौघांत एक असतं? जर्नल स्वतःच्या मोजमापांनी भरतात की मागच्या वर्षीचं उतरवतात? तिसऱ्या वर्षापर्यंत फिजिक्सला किती मुलं टिकतात? या तीन प्रश्नांत सगळं कळतं. आणि एका गोष्टीवर अडून बस: मेजर फिजिक्स घेतलंस तर मायनर गणितच घे. इतर विषय सोपे आहेत, मार्क जास्त पडतात, असं सांगणारे भेटतील. गणित सोडलेल्या मुलांची पुढे जाममध्ये फार ओढाताण होते.

मग त्या तीन वर्षांत कॉलेजच्या भिंतीबाहेर पड. वाशीनंतरचं स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा एनआययूएस हा उपक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे आणि तिथे तू कुठल्या कॉलेजची आहेस याने बिघडत नाही. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिच्यात दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. टीआयएफआर आणि आयुका यांचेही सुट्टीतले कार्यक्रम असतात. पहिल्या अर्जाला नकार येतो, बहुतेकांना येतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा.

बाबांचा पर्यायही बाद नाही. रेडिओ दुर्बिणीला इलेक्ट्रॉनिक्सचे आणि सॉफ्टवेअरचे इंजिनिअर लागतात. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे, तिलाही लागतील. इस्रोत तर भरतीच मुख्यतः इंजिनिअरांची होते. इंजिनिअरिंग करून पुढे खगोलशास्त्रात पीएचडी करणारेही आहेत, आयुका आणि एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी पुण्याची संस्था) यांच्या प्रवेश परीक्षेला ते बसू शकतात. पण 'आधी इंजिनिअरिंग, मग बघू' असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मग बघणं राहून जातं, कारण चौथ्या वर्षी कॅम्पसमध्ये नोकरी येते आणि घराला तिची गरज असते. त्यात दोष कुणाचाच नाही. म्हणून इंजिनिअरिंग घ्यायचं तर ते आवडतं म्हणून घे. भौतिकशास्त्राची भीती वाटते म्हणून नको.

नोकरीबद्दलचा पुढचा भाग बाबांना वाचायला दे.

बाबा, तुमची काळजी रास्त आहे आणि मुलीला खरं चित्र कुणीतरी सांगायला हवं. बारावीनंतर पाच वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा, मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरत्या नेमणुकीवरचं संशोधन, त्यातली बरीचशी परदेशात. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटलेली असते आणि खगोलशास्त्राच्या कायमच्या जागा देशात थोड्याच आहेत. हे सगळं खरं आहे. मात्र पीएचडीची वर्षं तुम्हाला पोसावी लागत नाहीत. नेट-जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, वर होस्टेल किंवा घरभाडं. तुमच्या हातून खर्च होणार तो पहिल्या पाच वर्षांचा, आणि तिथेही बारावीच्या गुणांवर इन्स्पायरसारखी शिष्यवृत्ती मिळू शकते.

आणि ही वाट मध्येच सोडली तर हातात काही राहत नाही, ही समजूत तेवढी काढून टाका. तुमच्या घराच्या आसपासचंच सांगते. खाडीपलीकडे मुंबईकडच्या ट्रॉम्बेला बीएआरसी आहे. तिथलं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे, फिजिक्सची एमएस्सी झालेल्यांना ते निवडून घेतं आणि प्रशिक्षणानंतर शास्त्रज्ञ म्हणून नेमतं. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा डोस किती, कुठल्या कोनातून, शेजारच्या निरोगी पेशींना किती कमी पोहोचेल, ही आकडेमोड डॉक्टरांच्या बरोबरीने वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतो. त्यासाठी फिजिक्सच्या एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा लागतो. हे काम करणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांच्याइतकं समाधानी कुणी मला क्वचितच भेटलं असेल. शिवाय शिक्षण आहे, हवामान विभाग आहे, बँका आणि डेटाच्या कंपन्या आहेत. आकडेवारी आणि प्रोग्रॅमिंग हाताशी असलेल्या फिजिक्सच्या माणसाला तिथे घेतात.

आता पुन्हा तुझ्याशी. नवी मुंबईत खगोलाचं काही नाही असं तू लिहिलंस, पण नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेत. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालायची. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर प्रचंड स्फोट होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, आणि कुलाब्याच्या नोंदीत तो झटका उमटला. त्या वादळावर काम करणारे शास्त्रज्ञ आजही ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने नाजूक मोजमापं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. ती तिथे अजून चालू आहे, आणि त्याच परंपरेतली ही संस्था आता तुझ्यापासून गाडीने तासाभरावर आहे. सूर्य हाही ताराच. सूर्यावरची वादळं, त्यांचा उपग्रहांवर आणि वीजवाहिन्यांवर होणारा परिणाम, यावर तिथे पीएचडी करता येते. सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ यान २०२३ मध्ये गेल्यापासून या विषयाला आपल्याकडे भरही आला आहे. शनीवरून सुरुवात करून तू सूर्यापाशी पोहोचलीस तरी मला नवल वाटणार नाही. विषय असाच वळणं घेत हाती लागतो.

सध्या मात्र बोर्डाची परीक्षा पहिली. बोर्डात भौतिकशास्त्राची सूत्रं नुसती पाठ करू नकोस, प्रत्येक सूत्राची सिद्धता कागदावर एकदा स्वतः मांड. त्याचा आयएटी आणि नेस्टलाही उपयोग होतो. दोन्ही परीक्षांचे अर्ज वेळेत भर. त्यांची तयारी बरीचशी सारखीच आहे, त्यामुळे एकच निवडायची गरज नाही. माहितीपत्रक स्वतः वाच, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नकोस, कारण नियम वर्षावर्षाला थोडे बदलतात. आणि ठाण्यातल्या दोन कॉलेजांत बीएस्सीचाही अर्ज करून ठेव, म्हणजे जूनमध्ये घरात घाबराघुबरी होणार नाही.

निकाल लागले की मला पुन्हा लिही. हातात कुठल्या जागा आहेत, फी किती आणि होस्टेल आहे का, एवढं कळव, मग त्यातली कुठली घ्यायची ते नावानिशी बोलू. आणि गुरूची घनता किती आली तेही लिही.